लाइन बंद आहे असं समजू नये

पाकिटात आठ गोळ्या उरल्या की
मला आठ दिवस दिसत नाहीत,
मंगळवार दिसतो.
डॉक्टर ठवरे दारव्ह्याला मंगळवारीच बसतात
आणि चिठ्ठी त्यांचीच चालते, तीही महिनाभर.
मग कागद तोच, सही तीच, पाय तोच,
पण चिठ्ठी मेली.

वच्छला भाकर बांधते, तिच्यावर ठेचा,
जुन्या चिठ्ठ्या वेगळ्या पिशवीत, वर रबर.
काळी-पिवळीत मागे माझा पाय मावत नाही.
ड्रायव्हरला ठाऊक आहे, तो पुढे बसवतो,
गिअरच्या दांड्याशी.
त्यानं गिअर टाकला की कमरेपासून टाचेपर्यंत
कोणीतरी स्विच दाबतं.

मागच्या मंगळवारी डॉक्टर शिबिराला गेले होते.
या मंगळवारी भेटले.
"रिपोर्ट साफ आहे, गुणवंत. हाड जुळलं, नस मोकळी.
किती दिवस खाशील? सवय लागते याची."
म्हटलं, "साहेब, सवय तं दुखण्याचीबी लागाले पायजे होती.
अकरा वर्सं झाले, नाही लागली."
ते हसले नाहीत.
तीस लिहिल्या, खोडून वीस केल्या.

मुंधडा मेडिकलमध्ये खोडलेली चिठ्ठी चालत नाही.
परत रांग. खोडलेल्या जागी परत सही, बारीकशी.
परत मेडिकल.
आणि आता लाइट गेली.

"कम्प्युटर बंद हाय, भाऊ.
या गोळीची नोंद केल्याबिगर देता येत नाही."
दुसऱ्या कोणाला तो सर्दीची बाटली
अंधारातच काढून देतो, बोटांनी ओळखून.

मी बाकावर टेकलो.
याच फीडरवर नऊ वर्षं होतो, कंत्राटी हेल्पर.
जाताना धप्प वाजलं नाही, चिर्रर्र झालं,
म्हणजे डीपी शाबूत आहे,
टाकीच्या वळणावरचा जंपर सुटला.
रुपेश आत्रामला फोन लावला, माझ्या जागेवरचा पोरगा.
"बापू, कंप्लेंट टाकली काय?"
"टाकतो मागून. टाकीजवळचा जंपर पाह्य.
अन् आयक,
लाइन बंद हाय असं समजू नोको.
रॉड लावल्याबिगर हात लावू नोको."

त्या दिवशी मला सबस्टेशनमधून
एवढाच निरोप आला होता: बंद आहे, चढ.

वीस मिनिटांनी पंखा फिरला.
मुंधडाचा पोरगा पडद्याकडे पाहत म्हणाला,
"दहाच हायेत. बाकीच्या शुक्रवारी.
पण चिठ्ठी इथं जमा करा लागते."
"मंग शुक्रवारी कायच्यावर देशीन?"
तो विचारात पडला.
खरंच पडला, पेन कानाला लावून,
आणि मला उगाच बरं वाटलं.
मग म्हणाला, "नवीन आणा."

रात्री वच्छला ब्लेडनं गोळी कापते.
एक तुकडा मोठा होतो, एक लहान.
आज कोणता, ते ती माझं कपाळ पाहून ठरवते.
कागदावर राहिलेला पांढरा भुगा
मी जिभेनं टिपतो, कडू, चुन्यासारखा.

मग जुनं पाकीट काढतो,
त्याचं एकेक घर अंगठ्यानं दाबतो.
रिकामं आहे हे माहीत असतं.
तरी दाबतो, कामाची शिस्त आहे ती.

रिपोर्टात लाइन बंद आहे.
वच्छला वाटीत तेल कोमट करून आणते,
पायाशी बसते,
आणि हात लावायच्या आधी
दरवेळी विचारते,
"लावू काय?"